गावची शाळा, गावचं मैदान आणि मुलींचा वाटा

शाळेला नवी खोली बांधायची, मैदान सपाट करून घ्यायचं, खेळाचं सामान आणायचं असं निघालं की गावात बोलणी सुरू होतात. पैसा किती आला, जागा कुठली, काम कुणाला मिळणार. या सगळ्यात एक प्रश्न मागे राहतो. यातलं मुलींच्या वाट्याला काय येणार? आज आम्ही तुम्हाला याच प्रश्नाची जुनी गोष्ट सांगणार आहोत. गोष्ट लांबची आहे, अमेरिकेतल्या आयोवा नावाच्या राज्यातली. पण ऐकाल तेव्हा ती तितकी लांबची वाटणार नाही.

आयोवा हे शेतकऱ्यांचं राज्य. नजर जाईल तिथवर मका, मधेमधे सोयाबीन, घरोघरी डुकरं आणि दुभती जनावरं. हिवाळ्यात बर्फ पडतं, तेव्हा शेतं थांबतात. तिथे पूर्वी एका खोलीच्या हजारो शाळा होत्या. एकच बाई सगळ्या इयत्तांना शिकवायच्या.

तिथली शाळेची व्यवस्था आपल्याहून वेगळी आहे. आपल्याकडे शाळा जिल्हा परिषदेची, नाहीतर एखाद्या संस्थेची. तिथे एक-दोन गावं किंवा चार-सहा गावं मिळून शाळेपुरता एक टापू आखलेला असतो. त्याला 'शाळा-जिल्हा' म्हणतात. त्या टापूतले लोक मतं देऊन शाळेचं मंडळ निवडतात. शाळेच्या खर्चाचा मोठा भाग घर-जमिनीवरच्या करातून निघतो. मोठी इमारत बांधायची, खेळाचा हॉल उभा करायचा, तर मंडळाला कर्ज काढावं लागतं आणि त्यासाठी लोकांचं मतदान घ्यावं लागतं. आयोवात अशा कर्जाला १०० पैकी ६० मतं मिळावी लागतात, निम्म्याहून एक जास्त असून भागत नाही. म्हणजे ज्याच्या जमिनीवर कर वाढणार, त्याला पटवल्याशिवाय शाळेची वीटही हलत नाही.

आता या मतदानात बायका कुठे होत्या? ऐका. १८६९ साली आयोवातल्या मिचेल नावाच्या काउंटीत, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या भागात, ज्युलिया ॲडिंग्टन ही शिक्षिका सगळ्या शाळांची अधीक्षक म्हणून निवडून आली. तेव्हा तिला स्वतःला मत देण्याचा हक्क नव्हता! १८७६ साली कायदा झाला की बाई असल्यामुळे कुणाला शाळेच्या पदापासून दूर ठेवता येणार नाही. पुढे १८९४ साली आयोवातल्या बायकांना थोडा मताधिकार मिळाला. तो कशासाठी? शाळेसाठी किंवा गावासाठी कर्ज काढावं का, कर वाढवावा का, एवढ्यापुरताच. राष्ट्राध्यक्ष कोण हे ठरवायचा हक्क बाईला नव्हता, पण शाळेच्या इमारतीसाठी कर्ज काढायचं का, हे ती ठरवू शकत होती. सगळ्या निवडणुकांतलं मत तिला मिळालं ते १९२० साली.

आणि त्याच १९२० साली आयोवात शाळकरी मुलींची पहिली राज्यस्तरीय बास्केटबॉल स्पर्धा झाली.

बास्केटबॉल हा खेळ १८९१ साली अमेरिकेत निघाला आणि थोड्याच वर्षांत खेड्यापाड्यांत पोचला. लहान गावांना तो आवडला त्याला साधी कारणं होती. शाळेत पोरं थोडी. फुटबॉलचा संघ उभा करायला पुरेसे मुलगे नसायचे. बास्केटबॉलला पाच-सहा जणी, एक चेंडू आणि उंचावर ठोकलेलं एक कडं पुरे. धान्याच्या कोठारावर कडं ठोकून मुली सराव करायच्या. धारा काढणाऱ्या, पेंढ्या उचलणाऱ्या मुली त्या, अंगात ताकद होतीच. हिवाळ्यात दुसरी करमणूक नसायची. मग सगळं गाव मुलींचा सामना बघायला जमायचं.

पण शहरातल्या शिकल्यासवरल्या मंडळींना हे रुचलं नाही. मुलींनी चुरशीनं खेळू नये, त्यांच्या शरीराला आणि मनाला ते झेपत नाही, लोकांपुढे तिकीट लावून खेळणं शोभत नाही, असं म्हणणारे पुष्कळ होते. त्यांत बायकाही होत्या. १९२३ साली देशातल्या नावाजलेल्या बायकांनी एक मंडळ काढलं आणि मुलींच्या स्पर्धा नकोत असा प्रचार सुरू केला. त्यांचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. चार जणी खेळतात आणि चाळीस जणी बघत बसतात, त्यापेक्षा सगळ्यांनी खेळावं, असं त्या म्हणत. पण घडलं वेगळंच. बऱ्याच ठिकाणी स्पर्धा बंद झाल्या आणि 'सगळ्यांचा खेळ' काही आला नाही. या मंडळाच्या पुढारी लू हेन्री हूवर. त्यांचा जन्म आयोवातलाच, हा योगायोग बघा.

१९२५ साली आयोवातल्या शाळांच्या क्रीडा संघटनेनंही ठरवलं की आता मुलींची स्पर्धा भरवायची नाही. तेव्हा लहान गावांच्या शाळांचे काही मुख्याध्यापक आणि शिक्षक अडून बसले. आमच्या मुली खेळणार, तुम्ही भरवत नसाल तर आम्ही भरवू, अशी त्यांची भूमिका होती. त्यांनी फक्त मुलींच्या खेळासाठी वेगळी संघटना काढली. लक्षात घ्या, ही माणसं खेड्यांतली होती. मोठ्या शहरांतल्या बहुतेक शाळांमध्ये पुढची चाळीस-पन्नास वर्षं मुलींचे संघच नव्हते. मुलींच्या खेळाची बाजू घेतली ती मागासलेली म्हणून हिणवल्या जाणाऱ्या खेड्यांनी.

गावोगावी खेळाचे हॉल उभे राहिले. १९३५ साली मंदीच्या काळात सरकारनं बेकारांना काम देणारी मोठी योजना काढली. आपल्या रोजगार हमीसारखीच समजा. तिच्यातून अमेरिकेतल्या कितीतरी खेड्यांत शाळा आणि खेळाचे हॉल बांधले गेले. हॉल फक्त खेळाचा राहिला नाही. सभा, जेवणावळी, नाटकं सगळं तिथेच. आपल्याकडे मंदिराचा सभामंडप असतो, तसा.

१९६८ सालच्या अंतिम सामन्याची आठवण तिथे आजही काढतात. राजधानी डेस मॉइनमध्ये हजारो प्रेक्षक होते, टीव्हीवर शेजारच्या राज्यांतही सामना दिसत होता. युनियन आणि व्हिटन या दोन लहान गावांच्या एकत्र शाळेनं एव्हर्लीच्या संघाला ११३ विरुद्ध १०७ असं हरवलं, तेही जादा वेळ देऊन. व्हिटनच्या डेनिस लाँग या मुलीनं एकटीनं ६४ गुण केले. व्हिटन म्हणजे जेमतेम दोनशे वस्तीचं गाव. पुढच्या वर्षी पुरुषांच्या व्यावसायिक लीगमधल्या एका संघानं तिची निवड केली. लीगच्या प्रमुखांनी ती निवड रद्द केली, पण देशभर तिचं नाव झालं.

इथपर्यंतची गोष्ट गोड आहे. पण आम्हाला तिची दुसरी बाजूही सांगायची आहे.

मुली जो बास्केटबॉल खेळत, तो मुलांसारखा नव्हता. मुलांच्या संघात पाच जण, सगळं मैदान मोकळं. मुलींच्या संघात सहा जणी. तिघींनी फक्त चढाई करायची, तिघींनी फक्त बचाव. मधली रेघ कुणी ओलांडायची नाही. चेंडूचे दोनच टप्पे घ्यायचे, की लगेच पास द्यायचा. का? तर मुलगी नाजूक, संपूर्ण मैदान पळून तिला दम लागेल. सकाळी उठून जनावरांचं सगळं करून शाळेत येणाऱ्या मुलींसाठी हा नियम! आणि बचाव करणाऱ्या मुलीला शाळा संपेपर्यंत एकदाही बास्केट करायची संधी मिळत नसे. पुढे कॉलेजं खेळासाठी शिष्यवृत्ती देऊ लागली, तेव्हा अशा मुली मागे पडल्या. गावानं मुलींना खेळ दिला होता, पण रेघ आखून दिला होता.

मग आलं १९७२. आपल्याकडे तो दुष्काळ, बायका खडी फोडायला गेल्या ते वर्ष. त्याच वर्षी अमेरिकेत कायदा झाला की सरकारी पैसा घेणाऱ्या कुठल्याही शाळा-कॉलेजात मुलगी म्हणून भेदभाव करता येणार नाही. या कायद्यामागे हवाई बेटांतून निवडून आलेल्या पॅट्सी मिंक यांच्यासारख्या बायका होत्या. कायद्यात खेळ हा शब्दही नव्हता. पण खेळ शाळेत असतो, म्हणून तोही त्यात आला. त्या सुमारास देशभरात हायस्कुलात खेळणारे मुलगे होते ३६ लाखांच्या वर, आणि मुली होत्या सुमारे २ लाख ९४ हजार. आज तिथे ३० लाखांहून जास्त मुली खेळतात.

१९७५ साली या कायद्याचे नियम आले, ते फार उपयोगाचे आहेत. शाळेत मुलींचा संघ आहे, एवढं सांगून सुटका नाही. सामान कसं आहे ते बघायचं. सरावाची वेळ कुणाला कोणती मिळते ते बघायचं. प्रवासाचा खर्च, शिकवणारा प्रशिक्षक, कपडे बदलायची खोली, मैदान, दुखापत झाली तर उपचार, आणि जाहिरातसुद्धा. शाळा-मंडळांना आता नवा हॉल बांधताना हा हिशेब मांडावा लागू लागला.

आयोवातल्या मुलींनीही रेघेबद्दल विचारायला सुरुवात केली. काही जणी कोर्टात गेल्या. १९८५ पासून पाच जणींचा, पूर्ण मैदानाचा खेळही सुरू झाला, आणि १९९३ साली सहा जणींचा खेळ कायमचा थांबला. पुष्कळांना वाईट वाटलं. आजी, आई, लेक तिघी जो खेळ खेळल्या, तो गेला होता. पण आता एकही मुलगी अर्ध्या मैदानात अडकून पडणार नव्हती.

दरम्यान शाळाही एकत्र होत गेल्या. १९५० च्या सुमारास आयोवात चार हजारांहून जास्त शाळा-जिल्हे होते, आज सव्वातीनशेच्या आसपास आहेत. मोठ्या शाळेत प्रयोगशाळा आल्या, विषयाला वेगळे शिक्षक आले. पण ज्या गावची शाळा गेली, त्या गावचा संघ गेला आणि हॉलला कुलूप लागलं. पूर्वी गावच्या संघात जवळजवळ प्रत्येक मुलीला जागा मिळायची. मोठ्या शाळेत निवडक मुलींनाच मिळू लागली. नवी इमारत चांगली की जवळची शाळा चांगली, याचं एकच उत्तर तिथे कुणाला सापडलेलं नाही. दर मतदानाच्या वेळी तोच वाद नव्यानं होतो.

मैत्रिणींनो, या शंभर वर्षांतून आम्हाला एक गोष्ट दिसते. कायदा आला तेव्हा सगळ्या देशाच्या मुलींचं भलं झालं. पण त्याआधी पन्नास वर्षं आयोवाच्या खेड्यांतल्या मुली खेळत राहिल्या, कारण शाळेचा पैसा आणि मैदान ठरतं त्या बैठकीत त्यांच्यासाठी बोलणारं कुणीतरी बसलं होतं. आणि त्यांच्या मैदानात रेघही राहिली, कारण रेघेबद्दल बोलणारं त्या बैठकीत फारसं कुणी नव्हतं.

आपल्याकडे अशी बैठक आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं बहुतेक सरकारी आणि अनुदानित शाळांना शाळा व्यवस्थापन समिती सांगितली आहे. तिच्यात १०० पैकी ७५ जण पालक हवेत, आणि निम्म्या बायका हव्यात. शाळेचा विकास आराखडा ही समिती करते. त्याच कायद्यात शाळेला मैदान हवं, खेळाचं साहित्य हवं, मुलींसाठी वेगळं स्वच्छतागृह हवं, असं लिहिलं आहे. या समितीत तुमच्या गटातली कुणी आहे का? तिचं नाव फक्त कागदावर आहे की ती बैठकीला जाते?

येत्या बैठकीच्या आधी गटात चार प्रश्न बोलून घ्या. शाळेचं मैदान सुटल्यावर कुणाच्या ताब्यात असतं? मुलींचा खो-खो, कबड्डीचा सराव किती वाजता होतो, आणि अंधार पडायच्या आत त्या घरी पोचतात का? गेल्या वर्षी खेळाच्या सामानावर किती खर्च झाला आणि त्यातलं मुलींच्या हाती काय आलं? सातवी-आठवीनंतर किती मुली खेळायच्या थांबल्या, आणि का? उत्तरं वहीत लिहा, तारीख टाका आणि ती वही घेऊन बैठकीला जा.