दुष्काळातील पोरकी मुले आणि मिशनची अनाथगृहे : वऱ्हाड व महाराष्ट्र, १८९६ ते १९०१

शके १८२१ मधील, म्हणजे इसवी सन १८९९-१९०० मधील दुष्काळाचा इतिहास बहुधा पर्जन्यमान, धान्याचे भाव, सरकारी कामांवरील मजुरांची संख्या आणि मृत्यूंचे आकडे यांच्या आधारे लिहिला गेला आहे. या आकड्यांच्या आड एक वर्ग सहसा दडून राहतो. आईबापांच्या मृत्यूमुळे, ताटातुटीमुळे अथवा परित्यागामुळे ज्यांना रस्त्याखेरीज ठिकाण उरले नाही, अशा मुलांचा हा वर्ग होय. या मुलांपैकी पुष्कळांचे संगोपन परदेशांतून आलेल्या अथवा परदेशी द्रव्यावर चाललेल्या ख्रिस्ती संस्थांनी केले. या कार्याचे मूल्यमापन आजवर एक तर केवळ स्तुतीने किंवा केवळ संशयाने झालेले आहे. दोन्ही दृष्टींत मूल मात्र निमित्तमात्र ठरते.

यवतमाळ जिल्हा त्या काळी 'वणी जिल्हा' या नावाने ओळखला जाई. मुख्य ठाणे यवतमाळ हेच होते, परंतु जिल्ह्याला यवतमाळचे नाव मिळाले ते १९०५ मध्ये, आणि पुसद तालुकाही तेव्हाच त्यात समाविष्ट झाला. वऱ्हाडचा कारभार १९०३ पर्यंत हैदराबादच्या रेसिडेंटाकडे होता. हा कापसाचा, काळ्या जमिनीचा, तुलनेने सधन समजला जाणारा मुलूख. १८९६-९७ च्या दुष्काळाने मध्यप्रांताची जी दैना केली, तिच्या मानाने वऱ्हाड बचावले होते. १८९९ मध्ये पावसाने पाठ फिरवली, तेव्हा ज्वारीबरोबर कापूसही गेला. कापूस गेला म्हणजे केवळ शेतकऱ्याचे पीक गेले असे नव्हे. निंदणी, वेचणी, सरकी आणि गाठी यांवर ज्यांचे पोट चाले त्या मजूरवर्गाची वर्षभराची मजुरीच बुडाली. यवतमाळला त्या वर्षी आगगाडी नव्हती. सर्वांत सोयीचे स्टेशन धामणगावचे, एकोणतीस मैलांवर. तेथून धान्य बैलगाड्यांनी आणावे लागे आणि चाऱ्याच्या अभावी बैलच मरत होते. १८९१ मध्ये वऱ्हाडची लोकसंख्या २८,९७,४९१ होती, ती १९०१ च्या खानेसुमारीत २७,५४,०१६ भरली. वाढ होण्याऐवजी दशकात सुमारे पाच टक्क्यांची घट झाली.

अशा वेळी कुटुंब मोडते ते एका घावाने नव्हे. पुरुष प्रथम कामाच्या शोधात निघतो. मागून बायको मुलांना घेऊन खडीच्या कामावर जाते. पटकीची साथ येते. थोरले मूल सरकारी अन्नछत्रावर राहते आणि धाकटे वाटेत. कोण मेले आणि कोण नुसते दूर गेले, हे त्या मुलालाही सांगता येत नाही. सरकारी कागदपत्रांत या सर्वांना इंग्रजीतील एकच शब्द लावला गेला आणि मराठीत त्याचे भाषांतर 'अनाथ' असे झाले. मराठीत मात्र या अवस्थेला निरनिराळे शब्द आहेत. आईबाप मेलेले ते 'पोरके'; ज्याला कोणी पोसणारे नाही ते 'निराधार'; टाकून दिलेले ते 'टाकलेले'च. 'अनाथ' या शब्दाचा मूळ अर्थ तर 'ज्याला नाथ, म्हणजे रक्षणकर्ता, नाही तो' एवढाच असून, त्यात मातापित्यांच्या मृत्यूचा संबंध अपरिहार्य नाही. हा शब्दार्थाचा काथ्याकूट वाटेल. पण ज्या मुलाचा बाप चांद्याकडे खडी फोडीत होता, त्याच्या दृष्टीने 'पोरका' आणि 'निराधार' यांतील भेद हा सर्वस्वाचा भेद होता. ज्या नोंदवहीत तो भेद नाहीसा झाला, तिच्या आधारे मूल दुसऱ्याच्या हवाली करता येऊ लागले.

कायद्याचा आधार तुटपुंजा होता. १८५० च्या उमेदवारीच्या कायद्यान्वये न्यायाधिकाऱ्याला गरीब व पोरक्या मुलांना एखाद्या धंद्यात उमेदवार म्हणून बांधून देता येई. १८९७ चा सुधारशाळांचा कायदा गुन्हेगार मुलांपुरता होता. मुंबई इलाख्यात मुलांसंबंधी स्वतंत्र कायदा झाला तो १९२४ मध्ये. तोवर जे काही होते ते १८८० च्या दुष्काळ आयोगानंतर प्रांतोप्रांती तयार झालेल्या दुष्काळ-संहितांत होते. त्यांचा रोख साधारणतः असा की, निराधार मुलांचे पोषण दुष्काळ संपेपर्यंत सरकारने करावे, नंतर नातेवाइकांचा शोध घ्यावा, ते न मिळाल्यास स्वधर्मीय व्यक्ती वा संस्थेकडे मूल द्यावे आणि तेही न जमल्यास इतरांकडे सोपवावे. क्रम न्याय्य होता. अंमल मात्र कठीण. स्वधर्मीय संस्था होत्या कोठे? पंढरपूरला १८७५ मध्ये प्रार्थनासमाजाच्या आश्रयाने लालशंकर उमियाशंकर यांनी काढलेले बालकाश्रम हे त्यांतील ठळक नाव. वऱ्हाडातील एखाद्या तहसीलदारापुढे पन्नास मुले उभी असताना त्याला जवळ दिसे ते मिशनचे आवारच.

यवतमाळचे मिशन अमेरिकेतील फ्री मेथॉडिस्ट पंथाचे होते. हा पंथ १८६० मध्ये न्यूयॉर्क राज्यात मेथॉडिस्ट मंडळीतून फुटून निघाला. नावातील 'फ्री' या विशेषणाला गुलामगिरीविरोधाचा जसा संदर्भ होता, तसाच देवळातील बाके भाड्याने देण्याच्या प्रथेविरुद्धचाही होता. देऊळ गरिबांना मोकळे असावे, हा त्यांचा आग्रह. या पंथाचे अर्नेस्ट व फीबी वॉर्ड हे दांपत्य १८८१ मध्ये हिंदुस्थानात येऊन बऱ्हाणपुरास स्थायिक झाले आणि पुढच्या दशकात कार्याचे केंद्र यवतमाळकडे सरकले. दुष्काळापूर्वी या कार्याला अनुयायी जवळजवळ मिळाले नव्हते. दुष्काळानंतर मात्र अनाथ मुलामुलींचे संगोपन आणि त्यांच्या शाळा हे त्याचे प्रमुख अंग झाले. येथे एक गोष्ट स्पष्टपणे नोंदविली पाहिजे. धर्मप्रसाराच्या उपदेशाने जे साधले नव्हते ते भुकेने साधले, ही टीका वस्तुस्थितीला धरून आहे. तथापि मुले दाराशी आली तेव्हा त्यांना परत पाठविणे हा मिशनऱ्यांपुढील पर्याय होता आणि तो त्यांनी स्वीकारला नाही, हीदेखील वस्तुस्थितीच आहे.

मिशनकडे परक्या मुलांना सोपविण्याची वहिवाट महाराष्ट्रात दुष्काळाहून जुनी होती. नाशिकजवळ शरणपूर येथे चर्च मिशनरी सोसायटीच्या विल्यम सॉल्टर प्राइस यांनी १८५४ मध्ये ख्रिस्ती वसाहत स्थापिली. अरबी समुद्रावर गुलामांच्या गलबतांतून इंग्रजी आरमाराने सोडविलेली आफ्रिकी मुले सरकार तेथे पाठवी. सुतारकी, लोहारकी शिकून ही मुले मोठी झाली. १८६६ मध्ये डेव्हिड लिव्हिंग्स्टन आपल्या अखेरच्या सफरीवर निघाला, तेव्हा शरणपूरचे नऊ तरुण त्याच्याबरोबर होते. त्याच्या शवाबरोबर इंग्लंडला गेलेला जेकब वेनराइट हाही नाशिकचाच विद्यार्थी. प्राइस यांनी पुढे मोंबासाजवळ फ्रीअरटाऊन ही मुक्त गुलामांची वसाहत उभारली, तिच्यासाठी माणसे नाशिकहूनच गेली. गोदावरीच्या काठी वाढलेली ही मुले मायदेशी परतली ती परकी होऊनच.

केडगावची कथा अधिक परिचित आहे. पंडिता रमाबाईंचे आईवडील आणि बहीण दुष्काळातच दगावली होती. त्यामुळे १८९६-९७ मध्ये मध्यप्रांतातील वार्ता ऐकून त्या तिकडे गेल्या यात दयाबुद्धीइतकाच स्वानुभवही होता. त्यांनी तेथून सुमारे तीनशे मुली व स्त्रिया आणल्या. शारदासदनाची स्थापना १८८९ मध्ये मुंबईस झाली, दुसऱ्याच वर्षी ते पुण्यास आले आणि १८९३ मध्ये धर्मांतराच्या वादामुळे रानडे, भांडारकर प्रभृती सल्लागारांनी आपला संबंध तोडला, हा इतिहास सर्वश्रुत आहे. शारदासदन निदान उद्देशाने तरी धर्मनिरपेक्ष होते. 'मुक्ती' उघडपणे ख्रिस्ती होती. १९०० मध्ये गुजरातेतून, जेथे संवत १९५६ चा तो दुष्काळ 'छप्पनियो' म्हणून आजही ओळखला जातो, आणखी मुली आल्या आणि संस्थेतील संख्या दोन हजारांच्या घरात गेली. रमाबाईंपुढे आदर्श होता तो ब्रिस्टलच्या जॉर्ज म्युलरचा. वर्गणी न मागता केवळ प्रार्थनेच्या भरवशावर अनाथगृह चालविण्याची त्याची पद्धत त्यांनी त्याच्या चरित्रातून उचलली. मात्र हातमाग, तेलघाणा, दूधदुभते, छापखाना यांची केडगावची घडी पाहता, प्रार्थनेच्या जोडीला हिशेबाची जाणही बाईंजवळ भरपूर होती असे म्हणावे लागते.

केडगाव मुलींसाठी होते. मुलग्यांची सोय त्याच लोहमार्गावर दौंड येथे अ‍ॅल्बर्ट नॉर्टन यांनी केली. नॉर्टन पूर्वी एलिचपूर भागात राहिलेले असल्याने वऱ्हाड त्यांना परके नव्हते. एकाच घरातील बहीण केडगावी आणि भाऊ दौंडला, असे या व्यवस्थेत घडणे स्वाभाविक होते.

या सर्व संसाराला पैसा कोठून आला, हा प्रश्न गौण नाही. न्यूयॉर्कच्या 'ख्रिश्चन हेरल्ड' या साप्ताहिकाने, त्याचे चालक लुई क्लॉप्श यांच्या पुढाकाराने, १९०० मध्ये मोठा निधी उभारला. मक्याने भरलेले 'क्विटो' जहाज त्या वर्षीच्या मे महिन्यात मुंबईकडे निघाले. त्यानंतर निरनिराळ्या मिशनांतील सुमारे पाच हजार मुलांच्या पालनाची व्यवस्था या पत्राच्या वाचकांनी केली. एका मुलाचा वर्षाचा खर्च पंधरा डॉलर धरला होता. आयोवातील एखादी शेतकरी बाई कधीही न पाहिलेल्या मुलाची पालक होई. या योजनेने हजारो जीव वाचले यात शंका नाही. परंतु तिने मुलाचे रूपही बदलले. गावात जो कोणाचा तरी भाचा किंवा नातू होता, तो आता देणगीदाराला कळविण्याजोगा एक वृत्तान्त झाला. त्या वृत्तान्तात भूक, बचाव आणि श्रद्धा हा क्रम ठरलेला असे. पूर्वीचे गाव आणि पूर्वीचे नाव यांना त्यात फारसे स्थान नसे.

अहमदनगरच्या अमेरिकन मराठी मिशनची परिस्थिती थोडी निराळी होती. १८३१ पासून तेथे स्थिरावलेल्या या मिशनपाशी शाळांचे जाळे होते आणि मराठी जाणणारे देशी कार्यकर्ते होते. मुले स्थानिक, भाषा त्यांचीच. त्यामुळे दुष्काळी मुलांना धंदेशिक्षण देण्याचे तेथील प्रयोग अधिक टिकाऊ ठरले. डी. सी. चर्चिल यांनी नगरला सुधारलेला हातमाग तयार केला; शिरूरला रिचर्ड विन्सर यांच्या शाळेत घायपातापासून वाख काढण्याचे काम चाले.

मिशनकडे मुले जातात याची तीव्र प्रतिक्रिया उमटली ती पंजाबात. लाला लजपतराय यांच्या नेतृत्वाखाली आर्यसमाजाने १८९७ मध्ये व पुन्हा १८९९-१९०० मध्ये मध्यप्रांत, राजपुताना आदी भागांतून मुले गोळा करून फिरोजपूर व इतर ठिकाणच्या अनाथालयांत नेली. १९०१ च्या दुष्काळ आयोगापुढे लजपतरायांनी साक्ष दिली, तिचा मुख्य विषय हाच होता : सरकारी ताब्यातील मुले प्रथम स्वधर्मीयांना मिळाली पाहिजेत. मागणी रास्त होती. तथापि मध्यप्रांतातील खेड्यातले पोर फिरोजपुरास गेले काय आणि केडगावास गेले काय, त्याची घरची बोली दोन्हीकडे सुटलीच. धर्म कोणाचा, यावर दोन्ही पक्ष हिरिरीने भांडले. भाषा कोणाची, हा प्रश्न कोणीच विचारला नाही.

त्यातल्या त्यात तो रमाबाईंना पडला असावा. केडगावच्या मुलींत हिंदी व गुजराती भाषिकांची संख्या मोठी होती आणि त्यांची मराठी तेथेच घडली. प्रचलित मराठी बायबलाची भाषा या मुलींना, किंबहुना सामान्य मराठी स्त्रीलाही, अवघड जाते हे पाहून रमाबाईंनी मूळ हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास करून सोप्या मराठीत संपूर्ण बायबलाचे भाषांतर हाती घेतले. संस्कृतात पारंगत असलेल्या विदुषीने संस्कृतप्रचुर शब्द कटाक्षाने टाळावेत, ही घटना मराठी गद्याच्या इतिहासात नोंद घेण्याजोगी आहे. १९२२ मध्ये रमाबाई निवर्तल्या. ग्रंथ १९२४ मध्ये पूर्ण छापून बाहेर पडला. त्याचे खिळे जुळविणे, छापणे व बांधणी ही कामे संस्थेतील स्त्रियांनीच केली.

यवतमाळला असा ग्रंथ झाला नाही. तेथे फ्री मेथॉडिस्टांनी १९३८ मध्ये धर्मशिक्षणाची मराठी शाळा काढली. १९५३ मध्ये अनेक पंथांच्या सहकार्याने तिचे 'युनियन बिब्लिकल सेमिनरी'त रूपांतर झाले. देशाच्या निरनिराळ्या प्रांतांतून विद्यार्थी येऊ लागले आणि शिक्षणाची भाषा इंग्रजी झाली. १९८३ मध्ये ही संस्था पुण्याला गेली.