लघु अनुबोधपट, अमेरिकी दूरचित्रवाणीवरील

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांचा इतिहास, तेथील लोकजीवन व समाजव्यवहार यांतील एखादा प्रसंग, व्यक्ती किंवा प्रथा विषय म्हणून घेऊन, दूरचित्रवाणीच्या नेमून दिलेल्या वेळात बसेल अशा बेताने रचलेला, एका मिनिटापासून सुमारे अर्ध्या तासापर्यंत लांबीचा वास्तवाधिष्ठित चित्रपट. कल्पिताला यात स्थान नसते. परंतु निवेदन, संगीत व संकलन यांच्या योगाने कथेचा ओघ त्यात आणावाच लागतो, आणि दस्तऐवजाशी इमान राखून हा ओघ कितपत साधला आहे, यावरूनच अशा कृतींची योग्यता ठरवणे रास्त होय.

पूर्वपीठिका : चित्रपटगृहांतून दाखविली जाणारी ‘द मार्च ऑफ टाइम’ (१९३५–५१) ही वार्तापटमालिका या प्रकाराची पूर्वसूरी. तिच्याच निर्मात्यांनी आयझेनहौअर यांच्या दुसऱ्या महायुद्धाविषयीच्या ग्रंथावरून ‘क्रुसेड इन यूरोप’ (१९४९) ही २६ भागांची मालिका खास दूरचित्रवाणीसाठी केली. एडवर्ड मरो यांची ‘सी इट नाउ’ १९५१ मध्ये सुरू झाली.

दप्तरातील चित्रफितींवर आधारलेल्या अनुबोधपटाची घडी मात्र खऱ्या अर्थाने बसविली ती एनबीसीच्या ‘व्हिक्टरी ॲट सी’ (१९५२–५३) या मालिकेने. निर्माते हेन्री सॅलोमन यांनी दोस्त आणि शत्रू अशा दोन्ही पक्षांच्या नौदलांनी टिपलेली सुमारे ६ कोटी फूट फीत धुंडाळून तीतून अवघी ६१,००० फूट फीत, म्हणजे हजार फुटांमागे जेमतेम एक फूट, निवडली आणि तिचे अर्ध्या अर्ध्या तासाचे २६ भाग सिद्ध केले. संगीत रिचर्ड रॉजर्स यांचे असून वाद्यवृंदरचना रॉबर्ट रसेल बेनेट यांची होती. याच मंडळींतून पुढे ‘प्रोजेक्ट ट्वेंटी’ हा निर्मितिविभाग उभा राहिला. १९५८ मध्ये सॅलोमन यांचे अकाली निधन झाल्यावर त्याची धुरा डॉनल्ड हायट यांच्याकडे आली.

स्थिरचित्रांचे तंत्र : चलच्चित्रणाचा शोध एकोणिसाव्या शतकाच्या अखेरचा असल्यामुळे त्यापूर्वीच्या अमेरिकेचा, विशेषतः १८६१–६५ च्या यादवी युद्धाचा, अनुबोधपट करावयाचा तर छायाचित्रे, कोरीव चित्रे, नकाशे व पत्रे एवढीच सामग्री हाती उरते. लिंकन यांच्या जन्माच्या दीडशेव्या वर्षी प्रक्षेपित झालेल्या हायट यांच्या ‘मीट मिस्टर लिंकन’ (१९५९) या अर्ध्या तासाच्या अनुबोधपटाने ही अडचणच सामर्थ्य म्हणून वापरली. छायाचित्र मेजावर सपाट पसरून त्याच्या माथ्यावर कॅमेरा उभा टांगावयाचा, आणि प्रत्येक चौकट टिपून झाली की मेज किंवा कॅमेरा केसभर सरकवावयाचा, अशी या कामाची रीत होती. सेकंदाला चोवीस चौकटी या हिशेबाने एखाद्या सैनिकाच्या हातातील टोपीपासून त्याच्या डोळ्यांपर्यंत दहा सेकंदांत सरकणारी दृष्टी मिळविण्यासाठी २४० वेळा हा व्याप करावा लागे. जो चेहरा पुस्तकात पाहून वाचक पान उलटतो, त्याच चेहऱ्याकडे प्रेक्षक या संथ गतीमुळे खिळून पाहतो, हे या तंत्राचे मोठेच देणे आहे. तंत्राच्या जनकत्वाविषयी एकमत नाही. कॅनडाच्या राष्ट्रीय चित्रपट मंडळाचा ‘सिटी ऑफ गोल्ड’ (१९५७) ‘मीट मिस्टर लिंकन’च्या आधीचा आहे, आणि ‘ब्रुकलिन ब्रिज’ (१९८१) पासून केन बर्न्स यांनी हे तंत्र इतके लोकप्रिय केले की संगणकावरील संकलनप्रणालींत ते त्यांच्याच नावाने रूढ झाले.

छायाचित्र हा पुरावा आहे, शोभेचे चित्र नव्हे, याचे भान सर्वच निर्मात्यांनी सारखे राखले असे म्हणता येत नाही. यादवी युद्धकाळच्या ओल्या काचपट्टीवर धावत्या लढाईचे चित्र उमटणे शक्य नव्हते. म्हणून त्या युद्धाची उपलब्ध चित्रे लढाई सरल्यानंतरची, छावणीतली किंवा मुद्दाम बसवून घेतलेली आहेत. गेटिझबर्ग येथील मृत बंडखोर नेमबाजाचे अलेक्झांडर गार्डनर यांचे प्रसिद्ध छायाचित्र (१८६३) हे त्या सैनिकाचे शव मूळ जागेवरून दगडांच्या आडोशाला हलवून घेतलेले आहे, हे विल्यम फ्रॅसनिटो यांनी १९७५ मध्ये साधार दाखवून दिले. असे चित्र वापरताना निवेदनात त्याची कैफियत देणे हे निर्मात्याचे कर्तव्यच मानले पाहिजे. मंदीच्या काळातील ग्रामजीवनासाठी काँग्रेसच्या ग्रंथालयातील शेती-सुरक्षा प्रशासनाचा संग्रह (सुमारे १,७५,००० कृष्णधवल निगेटिव्ह) हा सर्वांत उपयुक्त ठरला आहे. स्थळ व छायाचित्रकार यांच्या नोंदी त्यात सामान्यतः शाबूत आहेत, आणि सरकारी कामातून निर्माण झाल्यामुळे तो स्वामित्वहक्कापासून मुक्त आहे.

चार्ल्स कुरॉल्ट : (१९३४–९७). व्हिएटनामचे युद्ध आणि नगरांतील दंगली यांनी सायंवार्ता व्यापून टाकल्या असता, ऑक्टोबर १९६७ पासून सीबीएसच्या याच वार्तांत कुरॉल्ट यांचे ‘ऑन द रोड’ हे चारदोन मिनिटांचे अनुबोधपट येऊ लागले. छायालेखक इझाडोर ब्लेकमन आदी मोजक्या सहकाऱ्यांसह निवासी मोटारीतून, हमरस्ते टाळून, आडवाटेच्या गावांतून ते हिंडत. उत्तर कॅरोलायनातील विन्स्टन-सेलम येथे साच्यात माती थापून हातांनी विटा पाडणारे, नव्वदी ओलांडलेले कृष्णवर्णीय कारागीर जॉर्ज ब्लॅक यांच्यावरील अनुबोधपट विशेष लक्षणीय होय. गुलामगिरीतून मुक्त झालेल्या मातापित्यांचे हे पुत्र. त्यांच्या कौशल्याची ख्याती या प्रक्षेपणाने सरकारदरबारी पोचली आणि १९७१ मध्ये विटा पाडण्याची विद्या शिकविण्यासाठी त्यांना गयाना देशात पाठविण्यात आले. कुरॉल्ट यांची दृष्टी फार मवाळ असून दारिद्र्य व वर्णद्वेष तीत पुरेसे येत नाहीत, असा आक्षेप घेतला जातो. तथापि ज्यांची नोंद एरवी कोणत्याच दप्तरात झाली नसती अशांचे हात, बोलणे व कसब या चित्रफितींत जतन झाले आहे, आणि ही कामगिरी प्रस्तुत संकलकास अधिक मोलाची वाटते. १९७९ पासून ‘संडे मॉर्निंग’ या कार्यक्रमाचे सूत्रसंचालन त्यांच्याकडे होते.

मिनिटभराचे अनुबोधपट : स्वातंत्र्याच्या द्विशताब्दीनिमित्त सीबीएसने ४ जुलै १९७४ पासून १९७६ अखेरपर्यंत रोज रात्री ‘बायसेन्टेनियल मिनिट्स’ प्रक्षेपित केले. आरंभी प्रायोजक शेल ही तेल कंपनी होती.

सार्वजनिक प्रक्षेपण सेवा : स्थापना १९७० च्या सुमारास. ‘अमेरिकन एक्स्पीरियन्स’ ही इतिहासमालिका १९८८ पासून. तिचे भाग बहुधा तासाभराचे किंवा अधिक लांबीचे.

हक्क व परवाने : वार्तापट, गीते व छायाचित्रे यांच्या वापराचा परवाना बहुधा ठराविक मुदतीचाच मिळतो, आणि निर्मात्याच्या खर्चाचा मोठा वाटा त्यावरच पडतो. नागरी हक्कांच्या चळवळीवरील हेन्री हॅम्प्टन यांची ‘आइज ऑन द प्राइझ’ (१९८७) ही मालिका तासातासाच्या भागांची, म्हणून प्रस्तुत नोंदीच्या कक्षेबाहेरची. परंतु तिची हकिकत येथे दिल्यावाचून राहवत नाही. तिच्यात वापरलेल्या सामग्रीच्या परवान्यांची मुदत सरल्यावर पुनःप्रक्षेपण व नव्या प्रतींची विक्री दोन्ही थांबली, आणि ज्या पिढीने ती चळवळ पाहिली नाही तिला मालिकेच्या झिजलेल्या जुन्या ध्वनिचित्रफितींवरच भागवावे लागले. फोर्ड प्रतिष्ठानादी संस्थांच्या अर्थसाहाय्याने परवाने नव्याने मिळविण्यात आले व २००६ मध्ये मालिका पुन्हा प्रक्षेपित झाली.