नाशिकच्या बाई आणि इराणचं सोनं

मंडळी, एक सोपा प्रश्न. एशियाडमध्ये भारताच्या महिला कबड्डी संघाला पहिल्यांदा कोणी हरवलं? "इराणने" म्हणालात तर अर्धे मार्क. उरलेल्या अर्ध्या मार्कांसाठी नाशिकला जावं लागतं.

२४ ऑगस्ट २०१८, जकार्ता. महिलांची अंतिम लढत. इराण २७, भारत २४. आदल्याच दिवशी आपल्या पुरुषांनी उपांत्य फेरीत इराणकडूनच २७-१८ असा मार खाल्ला होता. पुरुषांची कबड्डी एशियाडमध्ये १९९० साली बीजिंगला आली, तेव्हापासून सातही वेळा सोनं आपलंच. महिलांची आली २०१० साली ग्वांगझूला. दोनदा स्पर्धा झाली, दोन्ही वेळा सोनं आपलंच. ही सगळी मक्तेदारी दोन दिवसांत संपली. आणि ज्या इराणी मुली त्या दिवशी मॅटवर रडत-हसत एकमेकींच्या गळ्यात पडत होत्या, त्यांच्या प्रशिक्षक होत्या शैलजा जैन. आपल्या नाशिकच्या.

त्या दिवसापासून हा विषय डोक्यात आहे. आपल्याकडे तेव्हा दोन सूर लागले. एक, "बघा, मराठी बाईने इराणला सोनं दिलं!" असा अभिमानाचा. दुसरा, "आपल्याच माणसाने आपल्याला पाडलं" असा. मला दोन्ही अपुरे वाटले. का, ते सांगायला थोडं मागे जावं लागेल.

आमच्या जळोचीत कबड्डीला 'कबड्डी' म्हणणारी पिढी तशी अलीकडची. जुनी माणसं हुतूतूच म्हणतात. (जळोची म्हणजे बारामतीला चिकटलेलं आमचं गाव, आता नगरपरिषदेच्या हद्दीतच आलंय.) हा खेळ महाराष्ट्राने नियमांत बसवला, संघटनेत बांधला. बुवा साळवींनी त्यासाठी आयुष्य वेचलं. त्यांचा जन्मदिवस, १५ जुलै, महाराष्ट्रात कबड्डी दिन म्हणून पाळतात. आमच्या बारामतीचे शरद पवारही राज्य कबड्डी संघटनेचे अध्यक्ष होते. त्यामुळे हा खेळ 'आपला' आहे हे आम्हाला कोणी शिकवावं लागलं नाही. जत्रा, गणपती, शाळेच्या स्पर्धा, कुठेही चुन्याच्या रेघा मारल्या की झालं मैदान.

मात्र त्या रेघांच्या आत बहुतेक वेळा मुलगेच असायचे. मुलींचा खेळ होता, नव्हता असं नाही. राष्ट्रीय स्पर्धांत महिला १९५० च्या दशकापासून खेळतायत. पुण्याच्या शकुंतला खटावकरांना तर अर्जुन पुरस्कार मिळाला. पण शहरातली तालीम-मंडळं वेगळी आणि खेडेगाव वेगळं.

माझी आत्या शाळेत असताना हुतूतू खेळायची, सत्तरच्या दशकात. पकडीला जबर होती म्हणे. कोपऱ्यात उभी राहायची आणि चढाई करणारीचा घोटा धरला की सोडायची नाही. तिचा संघ एकदा तालुक्याला निवडला गेला आणि गेलाच नाही. कारण काय, तर मुलींबरोबर जायला बाई पाहिजे आणि शाळेत एकही बाई शिक्षिका नव्हती. मास्तरांबरोबर पोरी पाठवायला घरचे तयार नव्हते. संपला विषय. पुढच्या वर्षी संघच निघाला नाही, आणि त्याच्या पुढच्या वर्षी आत्याचं लग्न झालं.

हे लक्षात ठेवा. मुलींच्या खेळात बाई प्रशिक्षक असणं ही शोभेची गोष्ट नसते. ती असली तर संघ एसटीत बसतो, नसली तर घरी राहतो.

आता आंतरराष्ट्रीय सामन्यांकडे येतो. २०१० च्या अंतिम फेरीत आपण थायलंडला २८-१४ असं हरवलं, म्हणजे बरोबर दुप्पट गुण. २०१२ साली पाटण्याला महिलांचा पहिला विश्वचषक झाला. ममता पुजारी कर्णधार. अंतिम फेरीत समोर इराण, आपण २५-१९ जिंकलो. त्या संघात महाराष्ट्राच्या तिघी होत्या: दीपिका जोसेफ, सुवर्णा बारटक्के आणि अभिलाषा म्हात्रे. राज्य सरकारने तिघींना प्रत्येकी एक कोटी रुपये दिले. कबड्डी खेळणाऱ्या मुलीला एक कोटी! गावात महिनाभर तोच विषय होता. २०१४ ला इंचॉनमध्ये पुन्हा अंतिम फेरीत इराण, पुन्हा आपण, ३१-२१.

म्हणजे जकार्त्याचा पराभव आभाळातून पडला नव्हता. इराण सहा वर्षं दारात उभा होता. त्यांच्याकडे कुस्तीची जुनी परंपरा आहे. कमरेला मिठी मारणं आणि पाय उचलणं त्यांच्या रक्तात आहे. 'झू' नावाचा श्वास धरून खेळायचा त्यांचा एक देशी खेळही आहे. शिवाय आंतरराष्ट्रीय कबड्डी मातीवरून मॅटवर गेली, तेव्हा मातीत वाढल्याचा आपला फायदाही कमी झाला. मॅटवर सगळेच नव्याने शिकणारे.

इथे जरा वाकडी वाट करतो. महिलांच्या व्यावसायिक गोल्फमध्ये सोल्हाइम कप नावाची स्पर्धा आहे, अमेरिका विरुद्ध युरोप. तुम्ही म्हणाल, जळोचीच्या माणसाचा गोल्फशी काय संबंध? काही नाही. :) पण गोष्ट ऐका. १९९० साली फ्लोरिडात पहिली स्पर्धा झाली. अमेरिकेने ११½ - ४½ असा धुव्वा उडवला. असंच चालू राहिलं असतं तर ती स्पर्धा कोणी बघितली नसती. पण १९९२ साली स्कॉटलंडमध्ये युरोपच्या बायकांनी अमेरिकेला ११½ - ६½ असं हरवलं आणि त्या दिवसापासून तो खरा सामना झाला. वर्षभर एकएकट्या खेळणाऱ्या बायका त्या आठवड्यात एकमेकींसाठी रडतात, भांडतात. ज्यांच्या नावाने कप आहे ते कार्स्टेन सोल्हाइम स्वतः नॉर्वेत जन्मलेले आणि अमेरिकेत गोल्फच्या काठ्या बनवून मोठे झालेले. ते कुठल्या बाजूचे म्हणायचे?

सांगायचा मुद्दा हा, की चुरशीला दोन बाजू लागतात. एकच बाजू कायम जिंकत असेल तर त्याला स्पर्धा म्हणत नाहीत, प्रदर्शन म्हणतात. कबड्डी ऑलिंपिकला न्यायची असं आपण इतकी वर्षं म्हणतोय. मग समोर तुल्यबळ संघ नकोत का? आणि ते तयार कोण करणार? ज्याला खेळ येतो तोच ना?

शैलजाबाईंनी ते केलं. नाशिकमध्ये त्यांनी अनेक वर्षं मुलींना कबड्डी शिकवली. भारतीय संघाचं प्रशिक्षकपद मिळावं ही त्यांची इच्छा होती, ती पुरी झाली नाही. इराणने विचारलं आणि त्या गेल्या. आपण चांगल्या प्रशिक्षक आहोत हे सिद्ध करायचं होतं, असं त्यांनी नंतर मुलाखतींत मोकळेपणाने सांगितलं. तिथे गेल्यावर अडचणी म्हणाल तर भाषेपासून जेवणापर्यंत. त्या शाकाहारी, देश मांसाहारी. मुलींना इंग्रजी फारसं येत नाही, म्हणून त्या फारसी शिकल्या. सरावात योग आणि प्राणायाम आणले. कबड्डीत दम हाच सगळा खेळ, तेव्हा प्राणायामाची जागा तिथे मुद्दाम शोधावी लागत नाही.

जकार्त्याच्या अंतिम सामन्यात मध्यंतराला आपण १३-११ असे पुढे होतो. पायल चौधरी कर्णधार, आपल्या सोनाली शिंगटे आणि सायली केरीपाळे संघात. उत्तरार्धात इराणने घाई केली नाही. कबड्डी बघणाऱ्यांना माहीत आहे, महिलांचं मैदान पुरुषांपेक्षा लहान असतं, १२ बाय ८ मीटर. त्यात सात जणी बचावाला. चढाई करणारीला वळायलाही जागा कमी, त्यामुळे जिचं डोकं शांत तिचा घोटा सुटतो. इराणी मुलींची डोकी शांत राहिली.

त्या दिवशी आत्या जळोचीला आमच्याकडेच होती. दोन दिवसांवर राखी आली होती म्हणून आलेली. सामना संपल्यावर मी म्हणालो, "आत्या, हरलो आपण."

"कुणी शिकवलंय त्या पोरींस्नी?"

"नाशिकच्या बाई आहेत."

"बाई हाय व्हय?" ती पुन्हा पडद्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "परमुलखात एवढ्या लांब पोरी घेऊन आली की. आमास्नी बारामतीला न्यायला कोन गावलं न्हाय."

यावर मी काय बोलणार? तिने हार-जीत बघितलीच नव्हती. तिने संघाबरोबर उभी असलेली बाई बघितली होती.

म्हणून मला ते दोन्ही सूर अपुरे वाटतात. "आपल्याच माणसाने पाडलं" म्हणणाऱ्यांना मी विचारतो: इराणचा फजल अत्राचली २०१५ साली यू मुंबाकडून खेळला आणि संघ विजेता झाला तेव्हा आपण टाळ्या वाजवल्या. २०१८ च्या लिलावात त्याच यू मुंबाने त्याला एक कोटीला घेतलं तेव्हा आपल्याला कौतुक वाटलं. त्यांचा खेळाडू इथे चालतो, मग आपली प्रशिक्षक तिथे का चालू नये? तिथे तर पुरुषांच्या लीगसारखं मैदानही नव्हतं तिच्यासाठी. मुलींची लीग आपल्याकडे २०१६ साली एकदा झाली, तीन संघांची. अंतिम सामना २४-२३ असा सुटला, म्हणजे याहून चुरशीचा सामना मागून मिळणार नाही. पण त्यानंतर पुढच्या वर्षी ती लीग झालीच नाही.

आणि नुसता अभिमान वाटणाऱ्यांनाही विचारतो: एवढी गुणी बाई आपल्याकडे होती, तर तिला स्वतःला सिद्ध करायला तेहरानचं विमान का धरावं लागलं? तिचं यश साजरं करताना हा प्रश्न आपण हळूच गालिच्याखाली सारला.

पराभवाने आपलं वाटोळं झालं का? मुळीच नाही. उलट मुलींची कबड्डी बघण्यासारखी झाली ती तेव्हापासून. पुढचं एशियाड २०२३ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये हांगझूला झालं. साखळीत चिनी तैपेईने आपल्याला ३४-३४ असं बरोबरीत रोखलं. त्याच तैपेईने उपांत्य फेरीत इराणला घरी पाठवलं. अंतिम फेरीत पुन्हा त्याच, आणि आपण जिंकलो २६-२५. एका गुणाने! ऋतू नेगी कर्णधार, पुण्याची स्नेहल शिंदे संघात. त्या स्पर्धेतलं भारताचं ते शंभरावं पदक. मार्च २०२५ मध्ये तेहरानला जाऊन आशियाई अजिंक्यपदाच्या अंतिम फेरीत इराणला ३२-२५ हरवलं. नोव्हेंबर २०२५ मध्ये ढाक्याला दुसरा विश्वचषक झाला, तिथे तैपेईला ३५-२८ हरवलं. आकडे पुन्हा एकदा बघा. २०१० साली चौदा गुणांचं अंतर होतं, हांगझूला एकाचं. दोन्ही वेळा सोनंच, पण हांगझूचं सोनं जास्त कष्टाचं, म्हणून मला जास्त मोलाचं वाटतं.

या वाढत्या चुरशीत नाशिकच्या एका बाईचा वाटा आहे. पाडलं म्हणा, घडवलं म्हणा. शिकवणाऱ्याने हातचं राखून शिकवावं अशी अपेक्षा आपण कुठल्याच गुरूकडून करत नाही. मग हिच्याकडून का?

आता मुली पुष्कळ खेळतात. आमच्या भागातही शाळांचे संघ निघतात, मुली ट्रॅकसूट घालून बसमध्ये बसतात आणि कोणाला त्यात नवल वाटत नाही. मी अशी बस दिसली की आधी पुढच्या सीटवर बघतो, बरोबर बाई आहेत का. बऱ्याचदा असतात. काही वेळा नसतात.

असो. पोस्ट भलतीच लांबली. नातेवाईक मंडळींना एक विनंती: आपल्या घरात, भावकीत, आजोळी साठ-सत्तरच्या दशकात हुतूतू किंवा खोखो खेळलेल्या कोणी आत्या, मावशी, काकू असतील तर त्यांना एकदा विचारा, कुठल्या जागी खेळायचात आणि खेळ कधी सुटला, कशामुळे सुटला. पुरुषांच्या संघांचे फोटो तालमीत लागलेले असतात. यांचे बहुतेक कुठेच नाहीत. निदान आठवणी तरी लिहून ठेवू.