टेंपलहोफचें मैदान

बर्लिन नगरांत टेंपलहोफचें विस्तीर्ण मैदान आहे. अठराव्या शतकापासून प्रशियाचें लष्कर तेथें कवाईत करीत असे. कवाईत नसेल त्या दिवशीं मात्र मैदान नगरवासीयांचें होई. रविवारीं कुटुंबेंच्या कुटुंबें शिदोरी घेऊन तेथें जात. जर्मनींतील अगदीं जुन्या फुटबॉल संघांपैकीं एक, १८८८ सालीं निघालेला 'गेर्मानिया', याच गवतावर खेळला; १९०९ मध्यें ऑर्व्हिल राईटनें आपलें विमान उडवून दाखविलें तेंही येथेंच.

या मोकळ्या जागेचें मोल कळण्यास तेव्हांच्या बर्लिनमधील घरांची कल्पना हवी. पांच मजली इमारतीमागें पुन्हां इमारत, आणि मध्यें विहिरीसारखें अंगण, अशी सामान्यांची वस्ती होती. अंगण निदान किती असावें हें १८५३ च्या बांधकाम नियमांनीं ठरविलें होतें: ५.३४ मीटर लांब व तितकेंच रुंद. आगीचा बंब आंत वळावा एवढाच त्यांतील हिशेब. माणसाला ऊन किती मिळेल हा प्रश्न कोणाला सुचला नाहीं. अशा घरांना लोक 'भाड्याच्या बराकी' म्हणत.

१९१० सालीं लष्करी खात्यानें मैदानाचा पश्चिम भाग विकला. बर्लिन नगरपालिकेलाही तो हवा होता. पण शेजारच्या टेंपलहोफ गांवानें ७ कोटि २० लक्ष मार्क देऊन तो घेतला. (दहाच वर्षांनीं तें गांव स्वतःच बर्लिनमध्यें विलीन झालें!) रविवारीं तेथें जाणाऱ्यांना कोणी विचारलें नाहीं. एवढी रक्कम भरून काढावयाची तर उंच इमारतींवांचून गत्यंतर नव्हतें, आणि आराखडे तसेच निघाले. नगररचनेच्या जाणकारांनीं त्यांवर कडक टीका केली. थोड्या इमारती उठल्या तोंच महायुद्ध आलें. त्यानंतर, १९२० पासून, वास्तुविशारद फ्रिट्स ब्रॉयनिंग याच्या योजनेप्रमाणें तेथें ठेंगणीं, बागेचीं घरें झालीं. मैदान गेलें, पण बराकी टळल्या; मात्र ठेंगण्या घरांत कुटुंबें थोडींच मावतात.

पूर्वभागीं १९२३ मध्यें विमानतळ झाला. १९४८-४९ च्या नाकेबंदींत पश्चिम बर्लिनचें अन्न आणि कोळसा येथेंही उतरे. २००८ सालीं विमानतळ बंद झाला, व २०१० मध्यें सुमारें ३०० हेक्टर जागा लोकांना खुली झाली. धावपट्टीवर मुलें सायकली चालवूं लागलीं. कडेला भाजीचे वाफे झाले.

इकडे घरभाडीं चढत होतीं. मैदानाच्या कडांवर सुमारें ४,७०० घरें बांधावीं व मधला भाग मोकळा ठेवावा, असा नगरसरकारचा बेत होता. बेत अवाजवी नव्हता. परंतु त्यांतील स्वस्त घरांची हमी पक्की नाहीं, हा विरोधकांचा आक्षेप लोकांच्या मनांत बसला. २५ मे २०१४ रोजीं मतदान झालें, आणि ६४.३ टक्के मतें मैदान जसेंच्या तसें राखण्याच्या कायद्यास मिळालीं. १९१० सालीं न विचारलेला प्रश्न या वेळीं लोकांना विचारला गेला, हें खरें. मात्र घराच्या शोधांत बर्लिनला पुढें येणाऱ्यांचें मत त्या पेटींत पडणें शक्य नव्हतें.

निर्वासितांच्या तात्पुरत्या निवाऱ्यासाठीं २०१६ मध्यें तो कायदा कडांपुरता सैल करण्यांत आला. २०२३ सालीं अधिकारावर आलेल्या आघाडीनें कडांवरील घरांचा विषय पुन्हां काढला.