पांढऱ्या मातीचे माळवद

मराठवाडा, सोलापूर आणि त्यांना लागून असलेल्या पठारी मुलखात शेतकऱ्याचे जुने घर म्हणजे माळवदाचे घर. दगडाच्या जाड भिंती, आत लाकडी खांबांचा सांगाडा आणि वर मातीचे सपाट छत अशी त्याची घडण असून या सपाट छतालाच माळवद म्हणतात. खानदेशात त्याचे नाव धाबे. कोकणात उतरत्या छपराशिवाय निभाव लागत नाही. येथे मात्र पाऊस बेताचा, ऊन कडक आणि जमिनीखाली सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसापासून झालेला काळा पाषाण, म्हणून घराचे रूप आधी भूमीने ठरवले आणि मग माणसाने.

या घराचे माप खणांत सांगितले जाते. खण म्हणजे दोन तुळयांमधले अंतर, आणि कुटुंब वाढले की घराचे खण वाढत. खांबांवर तुळया, तुळयांवर कड्या, कड्यांवर किलचा म्हणजे लाकडाच्या चिरफळ्या, त्यांवर पाला किंवा काड्या आणि सर्वांत वर मातीचा जाड थर, असे माळवद रचले जाई. ही माती शेतातली नसे, कारण काळी माती उन्हात भेगाळते आणि भेगांतून पाणी आत उतरते. जुन्या गावठाणाची, पडक्या गढीची पांढरी माती मात्र चोपून बसवली की पाणी वरच्या वर वाहून पन्हळांतून बाहेर पडते. गावाच्या वस्तीला ‘पांढरी’ आणि शेतजमिनीला ‘काळी’ म्हणण्याची जुनी रीत ज्या भाषेत आहे, तिच्यातच या छताचे शास्त्रही साठवलेले आहे.

बाहेरच्या भिंतीला खिडक्या क्वचितच असत. चोरा-दरोडेखोरांच्या भयाने घर बाहेरून बंद आणि आतल्या चौकाकडे मोकळे ठेवले जाई. दाराला आतून अडसर, म्हणजे भिंतीच्या पोकळीत सरकणारा लाकडी वासा, आणि माजघरात उजेड यावा व धूर जावा म्हणून छताला सवणे नावाचे भोक. दाराजवळच्या ढाळजेत, अर्थात प्रवेशाशी असलेल्या बैठकीच्या जागेत, आल्यागेल्याची ऊठबस होई. ज्वारी पेवात, म्हणजे जमिनीतल्या खड्ड्यात, किंवा घरातच बांधलेल्या बळदात साठवली जाई. गुरांचा गोठाही बहुधा याच भिंतींच्या आत असे, कारण धान्य आणि बैल हीच शेतकऱ्याची खरी दौलत होती.

या रचनेचे मर्म हे की छताचे ओझे खांबांनी पेलायचे आणि भिंतीने केवळ आडोसा द्यायचा. भिंत २ ते ४ फूट जाड असली तरी ती एकसंध नसे. बाहेरचा आणि आतला असे दगडांचे दोन पदर मातीत रचून मधल्या पोकळीत दगडगोटे भरले जात, आणि हे पदर बांधून ठेवणारे आरपार दगड घालण्यात पुष्कळदा कसूर होई. त्यातच गळती थांबवण्यासाठी दरवर्षी जुन्या थरावर नवी माती पडत राहिल्याने अनेक माळवदे अर्ध्या मीटरहूनही जाड झाली. जेथे लाकूड महाग झाले म्हणून खांब वगळून तुळया थेट भिंतीवर टेकवल्या गेल्या, तेथे तर मूळ विचारच सुटला.

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे, गणेश विसर्जनानंतरच्या गाढ झोपेत, किल्लारी परिसरात ६.२ तीव्रतेचा भूकंप झाला आणि लातूर व तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत सुमारे ८,००० माणसे दगावली. त्यांतील बहुतेकांचा जीव दगडामातीच्या ढिगाऱ्याखाली गेला. त्यानंतर माळवदाचे घर म्हणजे मृत्यूचा सापळा असा समज रुजला; त्यामागचे दुःख खरे असले तरी हा निवाडा अपुरा आहे, कारण भिंती ढासळूनही लाकडी सांगाडा उभा राहिल्याची उदाहरणे त्याच गावांत होती. दोष दगडाचा नव्हता. तो न बांधलेल्या पदरांचा आणि वर्षानुवर्षे चढत गेलेल्या मातीचा होता. भूकंपानंतर तज्ज्ञांनी सुचवलेले उपायही नेमके याच जागी बोट ठेवणारे होते: माळवदावरची जादा माती उतरवावी, भिंतीचे दोन्ही पदर आरपार सांधावेत, आणि खांब व तुळई यांच्या सांध्याला तिरपे आधार द्यावेत.