एका बाजूला एकच गाणं

जळगाव म्हटलं की लोकांना केळी आठवतात, सोनं आठवतं, थंडीतलं वांग्याचं भरीत आठवतं. धुळं म्हटलं की राजवाडे संशोधन मंडळ आठवणारे थोडे, आणि "उन्हाळ्यात तिथे राहता तरी कसे हो?" असं विचारणारे फार. प्रोग्रेसिव्ह रॉक कुणालाही आठवणार नाही, आणि त्यात कुणाचं काही चुकतंय असंही नाही. पण आमच्या घरात हे संगीत गेली पंचेचाळीस वर्षं मुक्कामाला आहे. ते इथवर कसं पोचलं आणि एका पिढीकडून दुसरीकडे कसं गेलं, हे एकदा लिहून काढावं असं बरेच दिवस मनात होतं. घरच्या मंडळींना यातलं निम्मं पाठ आहे. त्यांनी तेवढं गाळून वाचावं.

आधी हे प्रकरण काय आहे ते सांगतो. १९६० च्या दशकात गाणं म्हणजे तीन मिनिटांचं, रेडिओवर बसेल असं. पण एलपी रेकॉर्डच्या एका बाजूवर वीस-पंचवीस मिनिटं मावतात. इंग्लंडमधल्या काही पोरांना वाटलं, एवढी जागा आहे तर आठ तुकडे कशाला करायचे? ऑक्टोबर १९६९ मध्ये किंग क्रिम्झनची पहिली रेकॉर्ड आली आणि पुढच्या तीन-चार वर्षांत या मंडळींनी ताळच सोडला. १९७१ मध्ये पिंक फ्लॉइडनं 'एकोज' या एकाच गाण्याला रेकॉर्डची अख्खी बाजू दिली, साडेतेवीस मिनिटं. १९७२ मध्ये यसचं 'क्लोज टू द एज' आलं, ते साडेअठरा मिनिटांचं. त्याच वर्षी जेनेसिसचं 'सपर्स रेडी', तेही तेवीसच्या घरातलं. आणि जेथ्रो टलनं तर कहर केला. 'थिक अॅज अ ब्रिक' हे एकच गाणं रेकॉर्डच्या दोन्ही बाजू व्यापून पाऊण तासाच्या आसपास जातं. वर सोबत एका खोट्या गावाचं खोटं वर्तमानपत्र, तेच रेकॉर्डचं वेष्टण!

हे गाणं रेडिओवर कोण लावणार? म्हणून ते हातोहातच पसरलं. कुणीतरी घरी बोलवायचं, "बस, ऐक" म्हणायचं, आणि अर्धा तास गप्प बसवायचं. या संगीताचा सगळा इतिहास मला त्या "बस, ऐक" मध्ये दिसतो.

भारतात हातोहात जायलाही आधी रेकॉर्ड यायला हवी ना. परदेशी माल आणणं म्हणजे परवाने आणि जकात. पण ग्रामोफोन कंपनी ऑफ इंडिया, म्हणजे आपली एचएमव्ही, ही ईएमआयच्या कुटुंबातली, आणि पिंक फ्लॉइडही ईएमआयच्याच घरचे. त्यामुळे त्यांच्या रेकॉर्डी इथे निघाल्या. बाकीचे बँड कुणाच्या मामाच्या बॅगेतून आले तर आले. आजही आपल्याकडे 'प्रोग्रेसिव्ह रॉक' म्हटलं की दहातले नऊ जण 'पिंक फ्लॉइड ना?' विचारतात. माझ्या मते त्यामागे आवडीइतकाच हा कारखानदारीचा हिशेब आहे. मुंबईत काळ्या घोड्याला ऱ्हिदम हाऊस होतं (२०१६ मध्ये बंद झालं). तिथे नुसतं उभं राहून ऐकणाऱ्यांच्या कथा तुम्हीही ऐकल्या असतील.

आणि मुंबईहून खान्देशात? आगगाडीनं. पंजाब मेल १९१२ पासून धावतेय आणि चाळीसगाव, जळगाव, भुसावळ अशी आमच्या दारावरून जाते. त्याच १९१२ साली मुंबईत केकी मूस जन्मले. इंग्लंडमध्ये शिकून परत आले आणि चाळीसगावला स्टेशनाजवळच्या आपल्या घरात आयुष्य काढलं. टेबलटॉप फोटोग्राफीसाठी जगात नाव झालेला हा माणूस घराबाहेर जवळपास पडतच नसे. त्यांची कुणी एक प्रिया पंजाब मेलनं येणार होती म्हणून ते रोज वाट पाहत, अशी आख्यायिका आहे. ३१ डिसेंबर १९८९ ला ते गेले. मूल नव्हतं. घर, छायाचित्रं, शिल्पं, पुस्तकं असा सगळा संग्रह मात्र गावानं सांभाळला. मला त्यांची आठवण येते ती एवढ्यासाठी, की दूरदेशीच्या कलेचं वेड घेऊन खान्देशात राहायचं तर किती एकटं राहावं लागतं, याचं ते टोक आहे. संग्रह जतन करता येतो. शेजारी बसून ऐकणारं माणूस कुठून आणणार?

आमच्या घरी ती वेळ आली नाही ती धाकट्या काकांमुळे. १९७८ ते ८२ ते मुंबईत इंजिनिअरिंगला होते आणि सुट्टीत येताना पिशवीत कॅसेटी असत. विकतच्या नव्हेत. वसतिगृहातल्या कुणा श्रीमंत मित्राच्या रेकॉर्डीवरून भरून घेतलेल्या. खोक्यावर निळ्या बॉलपेननं नावं, अक्षर अगदी पाटीवरच्यासारखं. यात एक गंमत झाली. नव्वद मिनिटांच्या कॅसेटच्या एका बाजूला पंचेचाळीस मिनिटं बसतात. म्हणजे 'थिक अॅज अ ब्रिक' ऐकताना लंडनच्या पोरांना मध्येच उठून रेकॉर्ड पालथी करावी लागे, पण जळगावच्या पोरांना नाही! फक्त मधोमध सूर विरत जातो आणि पुन्हा वर येतो. ती रेकॉर्डची बाजू संपल्याची खूण आहे हे मला कितीतरी वर्षांनी कळलं. तोवर मी ती गाण्यातलीच जागा समजत होतो, आणि मला ती फार आवडायची.

आता घराचं काय? माझ्या वडिलांना हे अजिबात सहन व्हायचं नाही. त्यांचा देव किशोरकुमार. आजी मूळची धुळ्याकडची. 'एकोज' च्या मध्यावर चार-पाच मिनिटं नुसते वाऱ्याचे आणि पक्ष्यांच्या चीत्कारासारखे आवाज आहेत, ते चालू झाले की ती स्वयंपाकघरातून विचारायची, "हाई काय वाजी ऱ्हायनं रे भाऊ?" काका म्हणायचे, "गाणं आहे आई." ती म्हणायची, "मंग गातस काब्र नही?" आमच्या घरात ही म्हणच होऊन बसली.

पण आजोबा बसायचे. हे मला तेव्हा नवल वाटायचं, आता वाटत नाही. ते पुण्यात शिकत असताना बालगंधर्वांची नाटकं पाहिलेले. गंधर्व नाटक मंडळीचा खेळ म्हणजे वन्समोअर घेत घेत रात्र सरायची. एकेक पद नट वाढवत नेई, आणि त्यासाठीच लोक पुन्हापुन्हा येत. त्या माणसाला तेवीस मिनिटांच्या गाण्याचं काय भय! शिवाय बालगंधर्व आमच्या गावचे अर्धे हक्कदार. लहानपणी ते जळगावात राहिले आणि गाण्याचे पहिले धडे इथेच मेहबूब खाँ यांच्याकडे घेतले. गावातल्या खुल्या नाट्यगृहाला त्यांचंच नाव आहे.

काकांच्या कॅसेटीवर आजोबांचा पहिला शेरा असा होता: "ऑर्गन बरा वाजवतोय." एवढंच. पण बघा, केवढी गोष्ट आहे यात. पायपेटीसारखा तो ऑर्गन युरोप-अमेरिकेतल्या घरांत आणि छोट्या चर्चमध्ये वाजायचा. तो गंधर्व नाटक मंडळीत आला, सारंगी आणि अहमदजान थिरकवांच्या तबल्याशेजारी बसला, आणि वीस-तीस वर्षांत इतका मराठी झाला की आज ऑर्गनशिवाय नाट्यसंगीत अपुरं वाटतं. पुढे त्या इंग्रज पोरांनी चर्चमधला सूर उचलला, हॅमंड ऑर्गन गिटारीशेजारी ठेवला. तीच खटपट, पन्नास वर्षांनी, दुसऱ्या टोकाकडून. आजोबांना रॉक म्हणजे काय ते शेवटपर्यंत माहीत नव्हतं. पण लांबलचक गाण्यात ऑर्गन कुठे आधार देतो आणि कुठे पुढे होतो, हे त्यांना काकांपेक्षा जास्त कळत होतं.

(उलटी वाहतूकही चालूच होती. माहीमला वाढलेले झाकीर हुसेन आणि यॉर्कशरचे जॉन मॅक्लॉफ्लिन १९७० च्या दशकाच्या मध्याला 'शक्ती' घेऊन उभे राहिले. पण तो वेगळ्या लेखाचा विषय आहे. झाकीरभाई २०२४ च्या डिसेंबरात गेले, त्यानंतर मला त्यावर लिहायला जमलेलं नाही.)

हे सगळ्या खान्देशाचं संगीत होतं असा माझा दावा नाही. मुलाला मुंबईला शिकायला पाठवू शकणारी, घरात टेपरेकॉर्डर असलेली, इंग्रजीचा धाक न वाटणारी घरं किती होती? गल्लीत लग्नातला बँड वाजायचा आणि आम्हीही त्यापुढे नाचायचो. उगाच 'आम्ही वेगळे' असा आव आणण्यात अर्थ नाही.

पिढ्यांकडे गाणी कशी जातात याचा विचार करताना जळगावकराला बहिणाबाईंना टाळून पुढे जाता येत नाही. असोद्याची ही बाई शेतात, जात्यावर गात होती. लिहिता-वाचता येत नव्हतं. मुलगा सोपानदेव आणि त्यांचे मावसभाऊ पितांबर चौधरी यांनी ती गाणी उतरवून ठेवली. बाई ३ डिसेंबर १९५१ ला गेल्या. नंतर सोपानदेवांनी ती आचार्य अत्र्यांना दाखवली आणि १९५२ मध्ये पुस्तक निघालं. आईनं 'हे सांभाळ' म्हणून काही हातात दिलं नव्हतं. मुलानं ऐकलं, त्याला ते मोलाचं वाटलं, म्हणून ते उरलं. वारसा देणाऱ्यापेक्षा घेणाऱ्याच्या हातात जास्त असतो, असं मला वाटतं ते इथून.

प्रोग्रेसिव्ह रॉकचं नेमकं तेच झालं. यसच्या कीबोर्डवर १९७१ मध्ये रिक वेकमन आले. २००८ ते २०११ तिथे त्यांचा मुलगा ऑलिव्हर बसला, घराण्याची गादी चालवावी तसा. पण मला जास्त भावते ती स्टीव्हन विल्सनची गोष्ट. जन्म १९६७. लहानपणी एका नाताळात वडिलांनी आईला डॉना समरची रेकॉर्ड दिली आणि आईनं वडिलांना पिंक फ्लॉइडची 'डार्क साइड ऑफ द मून'. दोन्ही घरात सतत वाजायच्या आणि पोरगा ऐकायचा. मोठा होऊन त्यानं पॉर्क्युपाइन ट्री हा बँड काढला, आणि २००९ पासून किंग क्रिम्झन, जेथ्रो टल, यस यांच्या मूळ टेपा घेऊन त्यांचं नव्यानं मिश्रण करायला बसला. आई-बापांच्या पिढीचं संगीत मुलाच्या पिढीनं धुऊन-पुसून परत दिलं. त्याच वर्षीच्या डिसेंबरात पॉर्क्युपाइन ट्री पवईला आयआयटीच्या मूड इंडिगोत वाजवून गेले.

माझ्या मुलीकडे हे संगीत माझ्याकडून गेलेलं नाही. मी लावायचो तेव्हा ती हेडफोन घालून बसायची. कॉलेजात गेल्यावर तिला पॉर्क्युपाइन ट्री कुणा मैत्रिणीनं ऐकवलं, तिथून ती विल्सनच्या कामावरून मागे मागे येत १९७२ ला पोचली. आणि मग मला विचारते, "बाबा, तुम्ही 'क्लोज टू द एज' ऐकलंय?"

गेल्या दिवाळीत आम्ही धुळ्याला काकांकडे गेलो होतो. काका आता सत्तरीकडे आलेत, दोन्ही कानांना यंत्र. त्यांच्या मुलांना यातलं काही आवडत नाही. कॅसेटींची पत्र्याची पेटी माळ्यावर होती, ती तिनं खाली काढली. आमच्याकडचा उन्हाळा, त्यावर पावसाळ्याची ओल. बऱ्याच फितींवर पांढरी बुरशी, काहींची दाबपट्टी गळून पडलेली. शाई मात्र शाबूत. काका म्हणाले, "टाकून द्या गं, आता मला नीट ऐकूही येत नाही. ऑर्गन आणि माणसाचं बोलणं एकसारखंच वाटतं." ती यंत्रं बोलणं समजावं म्हणून बनवलेली असतात, संगीतासाठी त्यात वेगळी सोय करून घ्यावी लागते, हे तिनं तिथल्या तिथे शोधून काढलं. दुसऱ्या दिवशी कानाच्या डॉक्टरांचं दुकान बंद, दिवाळी ना! मग तिनं काकांना यंत्रं काढायला लावली, आपले मोठे हेडफोन त्यांच्या डोक्यावर चढवले, आणि फोनवर खालचे सूर कमी, वरचे जास्त असं काहीतरी करत बसली. मिनिटभर काकांचा चेहरा तसाच. मग त्यांनी हात वर करून तिला थांबवलं आणि म्हणाले, "इथे. इथे ठेव. आता हात लावू नको."

अठरा मिनिटं कुणी बोललं नाही. काकू दोनदा फराळाचं विचारायला आल्या आणि परत गेल्या.

पेटी आता पुण्यात माझ्याकडे आहे. चौतीस कॅसेटी निघाल्या, त्यातल्या एकोणीस चालतील असं दिसतंय. त्यातलं गाणं तर कुठेही मिळतं, पण तीन कॅसेटींवर शेवटच्या रिकाम्या जागेत काकांनी घरातले आवाज भरलेत. एकीवर आजी आहे. बुरशी फार आहे, त्यामुळे ती मी अजून लावलेली नाही. फीत स्वच्छ करून देणारा एक माणूस सापडलाय, त्याच्याकडे पुढच्या आठवड्यात जाणार आहे.