प्रथिनाच्या शेपटावरचा पत्ता

टेंभुर्णीत पुणे–सोलापूर महामार्गाला पंढरपूर, कुर्डुवाडी आणि करमाळ्याचे रस्ते येऊन मिळतात. स्टँडवर लागलेल्या एसट्या दिसायला सारख्याच. कुठली कुठे जाणार ते पाटी सांगते. दिवेलागणीनंतर ज्यांच्या जोरावर आपल्याला वाट दिसते, त्या डोळ्यातल्या दंडाकार पेशींतही प्रथिनं अशी पाटी लावूनच निघतात. ती पाटी वाचता येईपर्यंत सव्वाशे वर्षं गेली.

या कथेचा मूळपुरुष फ्रान्झ बॉल. 1876 मध्ये रोममध्ये त्याला दिसलं, की अंधारात ठेवलेल्या बेडकाचं दृष्टिपटल तांबडं असतं, उजेडात ते फिकं पडतं आणि जिवंत बेडकाला पुन्हा अंधारात ठेवलं की रंग परत येतो. तीनच वर्षांत, अवघ्या तिशीत बॉल गेला. हायडेलबर्गच्या विल्हेल्म क्यूने यांनी पित्तक्षार वापरून तो रंग पेशींतून द्रावणात उतरवला. तेच ऱ्होडॉप्सिन, प्रकाश टिपणारं प्रथिन. पुढे 1933 मध्ये जॉर्ज वाल्ड यांना दृष्टिपटलात अ जीवनसत्त्व सापडलं आणि रातांधळेपणाचं आहाराशी असलेलं नातं रसायनाच्या भाषेत मांडता आलं. त्यांना 1967 च्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला.

ऱ्होडॉप्सिन काय करतं हे कळलं होतं. ते जागेवर कसं पोचतं हे कुणी विचारलं नव्हतं. तो प्रश्न पुढे आणला इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकानं. दंडाकार पेशीचे दोन खंड असतात. 1950 च्या दशकात दिसलं, की बाहेरच्या खंडात सुमारे हजार चकत्या एकावर एक रचलेल्या असतात आणि त्यांत ऱ्होडॉप्सिन ठासून भरलेलं असतं. प्रथिनं तयार करणारी सगळी सामग्री मात्र आतल्या खंडात. दोहोंना जोडणारा दांडा मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही बारीक. त्याची रचना पक्ष्माभिकेची, म्हणजे आपल्या श्वासनलिकेतल्या हलत्या केसांच्या जातीची. अर्जेंटिनाच्या एदुआर्दो दे रॉबेर्टिस यांनी 1956 मध्ये त्याचा तपशील मांडला.

1967 मध्ये रिचर्ड यंग यांनी प्राण्यांना किरणोत्सारी अमिनो आम्लं टोचली आणि त्यांचा माग काढला. खूण आधी आतल्या खंडात उमटली, मग दांड्यातून पलीकडे गेली, चकत्यांच्या तळाशी पट्टा होऊन बसली आणि रोज थोडी थोडी टोकाकडे सरकत राहिली. उंदरात हा प्रवास दहाएक दिवसांचा. टोकाच्या जुन्या चकत्या शेजारच्या रंगद्रव्य पेशी गिळून टाकतात, हे यंग आणि डीन बॉक यांनी 1969 मध्ये दाखवलं. म्हणजे पेशीला बाहेरच्या खंडाचा दहावा हिस्सा रोज नव्यानं भरावा लागतो, तोही त्या एवढ्याशा दांड्यातून. मालाची निवड चुकून चालणारच नाही.

प्रथिनाचा पत्ता प्रथिनातच लिहिलेला असतो, हा विचार गुंटर ब्लोबेल यांनी 1970 च्या दशकात पक्का केला. 1999 चं नोबेल त्यासाठीच. डेव्हिड पेपरमास्टर यांनी बेडकाच्या पेशींत ऱ्होडॉप्सिननं भरलेल्या पिशव्या आतल्या खंडातल्या गॉल्जी पिंडापासून निघून दांड्याच्या बुडाशी जमताना पाहिल्या. त्याच परंपरेतल्या दुशांका देरेतिक यांनी 1998 मध्ये पत्ता कुठे आहे ते दाखवलं: 348 अमिनो आम्लांच्या साखळीतल्या अगदी शेवटच्या पाचांत. पुढे 2000 मध्ये असंही दिसलं, की एखाद्या चमकत्या प्रथिनाला पेशीपटलाशी धरून ठेवणारी सोय आणि ऱ्होडॉप्सिनची शेवटची आठ अमिनो आम्लं जोडली, तर तेही बाहेरच्या खंडात जाऊन बसतं.

गोष्ट एवढ्यावर संपत नाही. कुठलाच पत्ता नसलेली पेशीपटलातली काही प्रथिनंही अखेर बाहेरच्या खंडातच पोचतात, असं 2008 मध्ये आढळलं. मग ऱ्होडॉप्सिनला पत्ता लागतोच कशाला, यावर अजून खल चालू आहे. तो लागतो, याचा पुरावा मात्र रुग्णांनी आधीच दिला होता. थॅडियस ड्रायजा यांच्या गटानं 1990 मध्ये रेटिनायटिस पिग्मेंटोझा हा दृष्टिपटलाचा आजार असलेल्या काही घराण्यांत ऱ्होडॉप्सिनच्या जनुकातले दोष शोधले. त्यांतला एक दोष होता 347 व्या जागेवर, म्हणजे नेमका शेपटात. या प्रथिनाला प्रकाश कळतो, पण ते ठरल्या जागी नीट पोचत नाही आणि पेशी हळूहळू मरतात. आधी रात्रीचं दिसेनासं होतं, मग नजरेचा घेर आकसत जातो.

हा आजार घराण्यात उतरतो. 347 व्या जागेचा दोष आईवडिलांपैकी एकाकडून आला तरी पुरतो; या आजाराचे इतर अनेक प्रकार मात्र दोघांकडूनही सदोष जनुक आलं तरच प्रकटतात. मामेबहिणीशी लग्नाची चाल आपल्याकडे जुनी आहे आणि नात्यातल्या लग्नात असा योग जुळण्याची शक्यता वाढते. तेव्हा मूल तिन्हीसांजेला ठेचकाळत असेल, तर गाजर खाऊ घालून वाट पाहत बसू नका. अ जीवनसत्त्वाची उणीव असेल तर ती भरून निघते. नसेल तर नेत्रतज्ज्ञाकडून दृष्टिपटल तपासून घ्या, आणि घरात आणखी कुणाला रात्री कमी दिसायचं का, ते डॉक्टरांना आधीच सांगा.